जावयाची बोहणी

जानेफळच्या शाळेतले मोठे बाबू गजेंद्र मापारी यांच्या टेबलावर आयुष्यात जितके अर्ज आले, त्यांतले निम्मे एकाच शेऱ्यासह परत गेले: ‘अर्ज परिपूर्ण नाही.’ पोराच्या दाखल्यासाठी उन्हातून आलेला बाप असो, नाही तर रजा मागणारे खुद्द मुख्याध्यापक असोत, बाबूंना सगळे सारखे. हा शेरा लिहिताना त्यांच्या अक्षराला वेगळीच लय चढायची, आणि शेवटचा पूर्णविराम ते असा टेकवायचे की मागच्या पानालाही तो कळावा. अशा माणसाला त्याच्याच शेऱ्यानं पाणी पाजावं, आणि तेही भर अधिक महिन्यात, याला काय म्हणावं? पण झालं खरं तसं.

घरात एक स्कूटी होती. चालवायचे बाबू, पण नाव आईचं. घेताना पंचांग बघणाऱ्यानं सांगितलं होतं की गजेंद्रच्या राशीला लोखंड लाभत नाही, गाडी मातोश्रींच्या नावानं घ्या. तेव्हापासून कागदोपत्री त्या स्कूटीच्या मालकीण शालूबाई. सत्तरीला टेकलेल्या या मालकीणबाई गाडीवर एकदाच बसल्या होत्या, पूजेच्या दिवशी, आणि तेव्हाही गाडी स्टँडवर उभी होती.

मे महिन्यात त्या गाडीचा विमा संपत आला. बाबूंनी दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून पाच-सात कंपन्यांचे भाव ताडून पाहिले आणि सगळ्यात स्वस्त विमा घरबसल्या काढला. ना एजंट, ना कमिशन. हा पराक्रम त्यांनी शाळेत सांगितला, किराणा दुकानात सांगितला, दाढी करताना गालाला वस्तरा लागलेला असतानाही सांगितला. फक्त घरी सांगितला नाही, कारण पैसे वाचले हे घरी कळलं की त्यांच्या पत्नी सुचिताबाई ‘वाचलेले कुठं हायेत?’ असं विचारत. एवढ्याशा सावधगिरीनं पुढचं सगळं रामायण घडलं.

तीन वर्षांतून एकदा येणारा धोंड्याचा महिना चालू होता. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, आणि जावयाला दिलेलं म्हणजे देवालाच पोचलं असं मानायचं, ही रीत. शालूबाईंची एकुलती एक लेक छाया सुलतानपूरला दिलेली. तिचा नवरा गोविंदा वांगी-टमाटे पिकवायचा, आणि जावई म्हणून तो इतका गुणी की गल्लीला त्याचं वाईट वाटे. लग्नात बँडवाले चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन वाजवत बसले, गोविंदा रुसला नाही. मानपानाचा शेला तोकडा निघाला, रुसला नाही. ‘जवाई हाय का साधू हाय, माय,’ असं शेजारच्या विमलबाई म्हणत, तेव्हा त्यांच्या सुरात कौतुकापेक्षा निराशाच जास्त असे. लग्नाला वीस वर्षं होत आली, आणि सासुरवाडीच्या ओट्यावर जावई रुसून बसलाय हे दृश्य काही त्यांच्या नशिबी आलं नव्हतं.

धोंडे होते त्या दिवशी बाबू ऑडिटचे कागद घेऊन बुलढाण्याला गेले होते. पंगत उठत आली, तेव्हा शालूबाई म्हणाल्या, “गोविंदाजी, यंदा तरी तोंडानं काही मांगा.”

गोविंदा आमरसाच्या वाटीत बघत लाजला. “मामी, वाण-बिण काही नको. म्या यंदा गाड्याइच्या इम्याची एजन्शी घेतली. परीक्षा बी पास झालो. पण पयली पॉलिसीच निंघून नाई राह्यली. माही बोहणी तुमच्या हातानं होऊ द्या.”

जावयानं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. शालूबाईंनी पेटी उघडली, नातवंडांच्या लग्नासाठी गाठीला बांधलेले पैसे काढले आणि घरात असलेल्या एकुलत्या एक वाहनाचा विमा जावयाकडून उतरवला. त्यांनी गोविंदाच्या मोबाईलवर बोटानं सही केली, मोबाईलला हळद-कुंकू लावलं, आणि काचेवरचं कुंकू पुसताना तो चार वेळा कुणाकुणाला लागला. गोविंदाचे डोळे भरून आले. संध्याकाळी जोडी सुलतानपूरच्या एसटीत बसली आणि रात्री बाबू घरी आले, तर गाडीच्या कागदांवर नंबर त्यांचाच असल्यानं त्यांच्या मोबाईलवर अभिनंदनाचा संदेश येऊन पडलेला.

“माय, म्या परवाच काढला ना इमा!” बाबू दारातूनच ओरडले.

“मंग बरं झालं,” शालूबाई म्हणाल्या. “एक तुहा, एक माहा.”

एका गाडीला दोन विमे चालत नाहीत, हे बाबूंनी रात्री जेवताना तीन प्रकारे समजावून सांगितलं. शेवटी त्यांनी निर्णय दिला: स्वस्तातला राहील, पाहुण्यांचा रद्द होईल. गुपचूप. पैसे मायच्या खात्यात परत, तिनं त्या पैशातून पाहुण्यांना चांदीचं ताट घेऊन द्यावं.

“बोहणीचा माल वापस करते का कोणी?” सुचिताबाईंनी विचारलं.

“हा माल नाही, हा करार आहे,” बाबू म्हणाले. राग आला की बाबूंची भाषा आपोआप कार्यालयीन व्हायची. “नातं नात्याच्या जागी, नियम नियमाच्या जागी. आनं पाव्हण्याले समजते कायले?”

बाबूंनी रात्रीच पाठवलेल्या अर्जाला कंपनीनं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. पॉलिसी रद्द होईल, मात्र रद्दीकरण शुल्क कापून उरलेली रक्कम मिळेल. मान्य असल्यास तसं कळवा. शुल्क साडेतीनशेच्या आसपास होतं. इथं बाबूंनी ‘मान्य’ एवढं कळवलं असतं, तर गोविंदाला कानोकान खबर लागली नसती आणि ही गोष्टही झाली नसती. पण नको असलेली वस्तू न वापरता परत करायची आणि ती परत घेण्याची मजुरी आपणच द्यायची, हे बाबूंच्या घशाखाली उतरेना. ‘प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे,’ असं त्यांनी जाहीर केलं. जानेफळात हे वाक्य ऐकलं की प्रश्न पैशाचा आहे हे लोकांना बरोबर कळतं.

समोरच्या घरात पुंजाजीकाका राहत. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे अर्जच आले नाहीत, त्यामुळे ते आतल्या आत फार तुंबले होते. बाबूंचा प्रश्न ऐकताच त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“तुह्या अर्जात दमच नाई गजेंद्र. हा तं लग्नाचा निरोप वाटते. घे लिहून.” आणि डोळे मिटून त्यांनी सांगितलं, “‘अर्जदाराच्या वयोवृद्ध मातोश्रींच्या वयाचा व अज्ञानाचा गैरफायदा घेऊन एजंटाने सदर पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारली असल्याचे सखेद नमूद करण्यात येत आहे.’”

बाबूंचं पेन थांबलं. “काका, एजंट म्हणजे आपले गोविंदाजी हायेत.”

“आपण नाव लिहून राह्यलो का? एजंट हे पद हाय. पदाले सासुरवाड नसते.”

बाबूंनी वाक्य पुन्हा वाचलं. गोविंदा त्यांच्या डोळ्यांपुढं आला, नाही असं नाही. हातात वांग्यांची पिशवी घेऊन आला. पण ‘सखेद नमूद करण्यात येत आहे’ यावर आवाज असा काही उतरत होता की ते वाक्य खोडायला बाबूंचा हात धजेना. नोकरीत इतकी वर्षं काढूनही असं वाक्य त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी खाली झोकदार सही केली आणि अर्ज पाठवून दिला.

आठवडाभरानं उत्तर आलं. पहिलीच ओळ होती: ‘आपला अर्ज परिपूर्ण नाही.’

बाबूंनी ती ओळ पुन्हा वाचली. टेबलाच्या या बाजूनं ती फारच उर्मट दिसत होती. खाली लिहिलं होतं की कागदपत्रांसह बुलढाण्याच्या कार्यालयात भेटावं. बाबूंनी किरकोळ रजा टाकली, मेहकरला बस बदलली, चिखलीपर्यंत उभ्यानं गेले, आणि उन्हानं तांबडे होऊन कंपनीच्या पायऱ्या चढले. एका कापड दुकानाच्या माडीवर ते कार्यालय होतं. आत चष्मा कपाळावर ठेवलेला एक लिपिक डबा खात होता.

“साहेब मीटिंगले गेले,” तो वर न बघता म्हणाला.

बाबूंनी अर्ज पुढं केला. लिपिकानं आधी शेवटचं पान पाहिलं, मग मधलं, मग तारीख, आणि अर्जदाराकडे शेवटपर्यंत पाहिलंच नाही. हे सगळं बाबूंचंच होतं. कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून हवेत हलवण्याची ती लकबसुद्धा त्यांचीच होती, आणि इतक्या दूर बुलढाण्यात कुणी ती त्यांच्याइतकीच बेमालूम साधली होती.

“शुल्क माफ होऊ शकते,” लिपिक बोटं चाटत म्हणाला. “तुम्ही हे जे लिहिलं, एजंटानं गळ्यात मारली, ते चौकशीत खरं निंघालं तर. मंग शुल्क एजंटाकडून वसूल होईल. पाठवू चौकशीले? का शुल्क भरता?”

आता खरं तर बाबूंनी शुल्क भरून खाली उतरायला हवं होतं. पण चिखलीपर्यंतचं उभं राहणं, ते ऊन, आणि तो कपाळावरचा चष्मा! या माणसापुढं हार खायची? “पाठवा,” बाबू म्हणाले.

परतीच्या बसमध्ये चिखलीपर्यंत ते विजयी वीर होते. चिखली सोडल्यावर त्यांना गोविंदाची आठवण झाली. मेहकरच्या स्टँडवर त्यांनी एक कचोरी घेतली, ती न खाताच घरापर्यंत आली.

दोन दिवसांनी सकाळी अंगणात शालूबाई आणि विमलबाई कुरडया घालत होत्या. बाबूंच्या मोबाईलवर कंपनीचा फोन आला. मूळ पॉलिसीधारकाशीच बोलायचं होतं. शालूबाईंचे हात चिकानं भरलेले, म्हणून बाबूंनी स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढं धरला. पलीकडे पुण्याकडच्या शुद्ध बोलीत बोलणारी एक मुलगी होती.

“आजी, ही पॉलिसी तुम्हाला नको असताना एजंटनं दिली का?”

“त्यानं नाई देल्ली वं माय. म्या त्याले देल्ली.”

“नाही आजी, पॉलिसी एजंट देतो, ग्राहक घेतो.”

“तुह्या गावाकडं धोंड्यात जवाई सासूले वाण देते काय?”

मुलीनं कुठंतरी काहीतरी शोधलं असावं, पण तिथं धोंड्याचा उल्लेख नसावा. “आजी, मी तक्रार वाचून दाखवते,” ती म्हणाली, आणि तिनं पुंजाजीकाकांचं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ‘सखेद’सकट, स्वच्छ वाचलं.

शालूबाईंचा सोऱ्या हवेत राहिला. कुरडईचं अर्धं वेटोळं तसंच लोंबत होतं.

“हे कोनं लिवलं?”

“खाली सही गजेंद्र मापारी यांची आहे.”

शालूबाईंनी लेकाकडे एकदा पाहिलं, मग खाली बघून कुरडई पुरी केली. “वाण हाय थे,” त्या फोनकडे बघून म्हणाल्या, “मले काही तक्रार नाई,” आणि पुढची कुरडई घालायला घेतली.

त्या दिवसापासून त्या बाबूंशी बोलेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं की सुचिताबाईंना सांगत, “त्या बाबूले म्हनाव, जेवायले बस.” बाबूंना सगळं गाव बाबू म्हणायचं, त्यांना कधी काही वाटलं नाही. पण आईच्या तोंडून ते ऐकलं की घास फिरायचा. मायला बोलतं करावं कसं, हे बाबूंना कळेना. असा अर्ज त्यांनी कधी लिहिला नव्हता.

रविवारी गोविंदा आणि छाया आले. न सांगता आले, आणि गोविंदाच्या हातात वांग्यांची पिशवी नव्हती. तो आत न येता ओट्यावर बसला. शालूबाई तोंडी काही म्हणाल्या तरी लेखी तक्रार कायम होती, म्हणून चौकशी संपेपर्यंत कंपनीनं त्याची एजन्सी थांबवली होती आणि लेखी खुलासा मागितला होता.

“काऊन पाव्हणे, आत या ना,” बाबू म्हणाले.

“म्या रुसलो,” गोविंदा हळूच म्हणाला. परवानगी मागावी, तसा त्याचा सूर होता.

विमलबाई ओलं पीठ तसंच टाकून धावत आल्या. “रुसले वं माय! गोविंदाजी रुसले!” त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांचं सार्थक झाल्याचं तेज होतं. बघता बघता गल्ली जमली. गोविंदाला रुसण्याची सवय नव्हती, त्यामुळे सुचिताबाईंनी पाण्याचा तांब्या आणताच त्यानं हात पुढं केला. “पाणी चालते,” विमलबाईंनी त्याला कानात सांगितलं, “पण च्याले हात लावजा नका. आनं माघारी बोलाजा नका, नुस्तं वर पाहा.” पुंजाजीकाका समोरून ओरडले, “अंगठी मांगा पाव्हणे, कमी नका सांगू!” गोविंदा आज्ञाधारकपणे वर बघत बसला. वर पत्र्याखाली चिमणीचं घरटं होतं, ते बघत बसला.

मग तो बोलला. “अंगठी नको दादा. माह्या वांग्यावर माहं चालते. पण गावात पोट्टे इचारून राह्यले, सासूले फसवलं म्हने तुमी? अज्ञानाचा गैरफायदा म्हने. मले एक सांगा, मामी अज्ञानी काऊन? गावात एक मानूस माह्याकून इमा घ्यायले तयार नोयता. मामीनं इचारलं बी नाई, सही करून देल्ली.” आणि तो पुन्हा चिमणीच्या घरट्याकडे बघू लागला.

तेवढ्यात बाबूंचं लक्ष दाराकडं गेलं. छाया उंबऱ्याबाहेर उभी होती. तिच्या माहेरच्या दारात, पिशवी दोन्ही हातांनी पुढं धरून.

“दादा,” ती म्हणाली, “म्या आत येऊ का नको?”

बाबूंना फार लाज वाटली. ही पोर शाळेतून आली की चपला अंगणात कुठंही भिरकावून आत घुसायची, आणि बाबू तिच्या चपला जोडीनं लावून ठेवायचे. साडेतीनशे रुपयांचं शुल्क वाचवता वाचवता आपण तिला इथं आणून उभं केलं, हे त्यांना आत्ता, सगळ्या गल्लीसमोर कळलं.

शालूबाई आतून म्हणाल्या, “सुचिता, त्या बाबूले म्हनाव, वाण वापस घेत नसतेत.”

बाबू खाली बसले आणि त्यांनी मोबाईलवरच तक्रार मागे घेतली. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं: ‘सदर वाक्य अर्जदाराने केवळ लयीच्या मोहाने लिहिले होते. मजकुरात तथ्य नाही. एजंट सज्जन आहेत.’ त्यांच्या आयुष्यातला हा पहिला अर्ज, ज्यात ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ नव्हतं. तो त्यांनी गोविंदाला वाचून दाखवला. गोविंदा विरघळायला लागला होता, पण विमलबाईंनी डोळे वटारले.

“पण दोन इमे तं राह्यलेच ना?” पुंजाजीकाका म्हणाले. “एक तं जाईनच.”

बाबूंनी काकांकडे असं पाहिलं की ते अडकित्त्यात सुपारी शोधू लागले. मग बाबूंनी स्वतःच्या, घरबसल्या काढलेल्या, गावभर मिरवलेल्या स्वस्त विम्याच्या कंपनीला फोन लावला. गल्लीच्या आग्रहाखातर स्पीकरवर लावला.

“नमस्कार सर, मी पूनम, आपली काय सेवा करू शकते?”

“पॉलिसी रद्द करायची आहे.”

“नक्की सर. रद्दीकरण शुल्क लागू होईल.” तिनं आकडा सांगितला. तो गोविंदाच्या कंपनीच्या शुल्काच्या दीडपट होता. गल्लीनं श्वास रोखला. पुंजाजीकाकांनी एकदम आशेनं मान वर केली आणि कुजबुजले, “लिहू का अर्ज?”

“मान्य आहे,” बाबू म्हणाले.

“धन्यवाद सर. रद्द करण्याचं कारण सांगा. गाडी विकली, गाडी चोरीला गेली, सेवा समाधानकारक नाही...”

“जावयाला दिलेलं वाण परत घेता येत नाही, म्हणून.”

पलीकडची टकटक थांबली. मग तोच आवाज आला, पण जरा हळू, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून आल्यासारखा. “सर, तुमी कुठचे?”

“जानेफळचा.”

“हाव का? म्या चिखलीची. आमच्या घरी बी परवाच जवाई जेवून गेले.” टकटक पुन्हा सुरू झाली. “इथं तसं कारण नाई सर. म्या ‘इतर’मधी टाकते.”

“आनं शुल्क?” पुंजाजीकाकांना राहवलं नाही.

“थे तं कटीनच, काका.”

सगळी गल्ली हसली. हसता हसता छायानं चपला काढल्या, एक इकडं पडली, एक तिकडं, आणि ती आत गेली. बाबूंनी वाकून त्या जोडीनं लावल्या. ते वर होतात तोच आतून आवाज आला, आणि या वेळी तो सुचिताबाईंसाठी नव्हता.

“गजू, पाव्हण्याले च्या दे. थंडा होऊन राह्यला.”

बाबूंनी कप नेऊन गोविंदापुढं धरला. गोविंदानं आधी विमलबाईंकडे पाहिलं. त्यांनी जड मनानं मान हलवली. मग त्यानं कप घेतला आणि अर्धा चहा बशीत ओतून बाबूंच्या हातात दिला.